कयाकवरील मासेमारीसाठी लाइफ जॅकेट: सात लिटर फोम नेमका कुठे बसवला आहे?

लाइफ जॅकेट दुकानात उभ्याने घालून पाहिले जाते आणि कयाकमध्ये (वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद होडीत) बसून वापरले जाते. निवडीतल्या बहुतेक गफलतींचे मूळ या एवढ्याशा फरकात आहे. उभ्या माणसाच्या अंगावर जवळजवळ कोणतेही जॅकेट बरे वाटते. पण तेच जॅकेट घालून तो उंच पाठीच्या खुर्चीत बसला, पाय समोर पसरले, अर्धा तास वल्हे मारले आणि मग वल्हे ठेवून रॉड उचलला, की जॅकेटची खालची कड मांड्यांवर टेकू लागते, पाठीचा फोम खुर्चीला अडून वर सरकतो आणि गळ्याची कड हनुवटीला भिडते. त्यापुढचा क्रमही ठरलेला असतो: आधी चेन अर्धी उघडली जाते, मग बाजूचे पट्टे सैल होतात आणि शेवटी जॅकेट अंगावरून उतरून खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसत आली आहे, ती अशी की नौकाविहाराच्या अपघातांत बुडून मृत्यू पावलेल्या आणि जॅकेटविषयी नोंद उपलब्ध असलेल्या व्यक्तींपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्यामुळे या परीक्षणात आराम आणि सुरक्षितता यांचा विचार मी वेगवेगळा केलेला नाही.

आरामाचे गणित समजायचे तर जॅकेटच्या पोटात काय आहे ते आधी पाहावे लागते. माणसाचे शरीर पाण्याहून फारसे जड नसते, म्हणून बहुतेक प्रौढांचे डोके पाण्यावर राहण्यासाठी साधारण तीन ते साडेपाच किलो वजन उचलेल इतका जादा आधार पुरतो. गंमत अशी की सडपातळ, पिळदार शरीराच्या माणसाला जाड माणसापेक्षा बहुधा अधिक आधार लागतो, कारण चरबी तरंगते आणि स्नायू बुडतात. कयाकवर वापरल्या जाणाऱ्या जॅकेटांसाठी अमेरिकेत किमान साडेपंधरा पौंडांची, म्हणजे सुमारे ६९ न्यूटनची अट चालत आली आहे (न्यूटन हे बलाचे एकक; दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजन उचलणारा आधार). तिकडच्या नव्या लेबलांवर हीच पातळी ७० या आकड्याने दाखवतात. युरोपात आयएसओ १२४०२ या मानकानुसार ५० न्यूटनची पातळी कयाकसाठी रूढ आहे आणि ती पोहता येणाऱ्या, मदत जवळ असलेल्या माणसासाठी आहे असे गृहीत धरले जाते. या दोन्ही पातळ्यांची जॅकेटे बेशुद्ध माणसाला पालथ्याचा उताणा करतीलच याची हमी देत नाहीत, हे खरेदीपूर्वी नीट लक्षात घ्यावे. ते काम १०० आणि १५० न्यूटनच्या जॅकेटांकडून अपेक्षित असते, पण फोमची तशी जॅकेटे घालून दिवसभर वल्हे मारणे जवळपास अशक्य असते.

आता ७० न्यूटनचा आधार मिळवायचा, तर सात-साडेसात लिटर पाणी बाजूला सारावे लागते, आणि त्यासाठी तेवढ्याच आकारमानाचा फोम अंगावर वागवावा लागतो. यातून सुटका नाही. फोम कोणत्याही रसायनाचा असो, जाहिरातीत जॅकेटला कितीही सडपातळ म्हटलेले असो, हे सात लिटर कुठे ना कुठे असतातच. रचनाकाराच्या हाती एवढेच असते की ते त्याने पाठीवर ठेवावेत, छातीवर ठेवावेत की बरगड्यांभोवती पसरावेत. जॅकेट हातात घेतल्यावर मी पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि त्याचे उत्तर मिळाले की ते कोणत्या बोटीवर, कोणत्या माणसाला सोसेल ते बरेचसे कळते.

कयाकच्या मासेमारीत खुर्ची हा निर्णायक घटक आहे. नदीच्या वेगवान प्रवाहात चालणाऱ्या कयाकमध्ये आसन ठेंगणे असते आणि कमरेला आधार देणारी पट्टी असते. तिथे पूर्ण पाठभर फोम चालतो. मासेमारीच्या कयाकवर मात्र आरामखुर्चीसारखी, जाळीची, उंच पाठ असलेली बैठक असते आणि पाठीवर फोमची जाड लादी असेल तर माणूस खुर्चीत नीट मागे बसूच शकत नाही. तो पुढे ढकलला जातो, कणा वाकतो, आणि दुपारपर्यंत कंबर बोलू लागते. यावर उपाय म्हणून उंच पाठीची जॅकेटे निघाली, ज्यांत पाठीचा फोम खांद्यांच्या पात्यांपाशी गोळा केलेला असतो आणि खाली केवळ जाळी असते. एनआरएस कंपनीचे चिनूक हे या रचनेचे परिचित उदाहरण आहे: समोर चेन, छातीवर मोठे खिसे आणि पाठीच्या खालच्या भागात जाळी. स्टोलक्विस्ट कंपनीच्या फिशरमनमध्येही पाठीचा फोम उंचावरच आहे, आणि त्याचा समोरचा खिसा खाली उघडून छोट्या फळीसारखा वापरता येतो, ज्यावर गळ बदलताना बारीक वस्तू ठेवता येतात. ॲस्ट्रलच्या व्ही-एटमध्ये खालून हवा आत यावी आणि वरून बाहेर पडावी अशी वाट ठेवलेली आहे. उष्ण हवामानात बसून राहणाऱ्याला ही सोय खिशांहून अधिक मोलाची वाटेल असे माझे मत आहे.

पण उंच पाठ म्हटले की काम झाले असे मानू नये, कारण खुर्च्यांची उंची सारखी नसते. फोमची खालची कड खुर्चीच्या वरच्या कडेच्या वर राहिली तर पाठ मोकळी टेकते. ती दोन-तीन बोटे खाली आली, तर खुर्चीची नळी नेमकी फोमखाली अडकते आणि मागे रेलताच संपूर्ण जॅकेट वर उचलले जाते. अशा वेळी साध्या, पातळ पण पूर्ण पाठीचे जॅकेट अधिक सुखाचे ठरते, कारण त्याचा फोम खुर्ची आणि पाठ यांच्यामध्ये सपाट दाबून बसतो. खुर्चीची पाठ बैठकीपासून किती उंच आहे ते टेपने मोजून नेणे आणि स्वतः पाठीने भिंतीला टेकून बसल्यावर फोम जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतो त्याच्याशी ते ताडून पाहणे, एवढ्याने हा घोळ टळतो. शक्य असेल तर खुर्चीच सोबत न्यावी; मासेमारीच्या पुष्कळ कयाकची खुर्ची सुटी निघते. दुकानदाराला नवल वाटेल, वाटू द्यावे.

पाठीवरून काढलेला फोम छातीवर येतो, ही या रचनेची दुसरी बाजू आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. उंच पाठीच्या जॅकेटांत छातीचा भाग जाड असतो, त्यावर खिसे असतात आणि त्या खिशांत सामान असते. तिन्ही मिळून छातीपुढे चांगला वीतभर उंचवटा तयार होऊ शकतो. त्याचे परिणाम तीन ठिकाणी जाणवतात. वल्हे मारताना कोपर आणि मनगट खिशाला घासते. मांडीवर ठेवलेल्या वस्तूकडे पाहताना स्वतःचीच छाती आड येते. आणि तिसरा परिणाम सर्वांत गंभीर, तो म्हणजे उलटलेल्या कयाकवर परत चढताना होणारी अडचण. पाण्यातून कयाकवर चढताना माणूस पोटावर आडवा होतो, पायांनी जोर देतो आणि छाती कडेवरून घासत आत सरकवतो. फुगलेला खिसा, पक्कड किंवा लोंबणारी कडी नेमकी त्या कडेला अडकते, आणि थंड पाण्यात हातांतली ताकद काही मिनिटांतच ओसरू लागते, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नासाठी ती उरेल याचा भरवसा नसतो. जॅकेट नवे असताना, सामानाने भरलेल्या खिशांसह, उथळ पाण्यात एकदा तरी परत चढून पाहावे. ज्या जॅकेटसह चढता येत नाही, ते कितीही मऊ असले तरी माझ्या लेखी नापास आहे.

खिशांविषयी माझे मत बहुसंख्य मासेमारांहून वेगळे आहे याची मला कल्पना आहे. विक्रेते खिशांपासून सुरुवात करतात, कारण खिसे मोजता येतात. मी ते सर्वांत शेवटी पाहतो. कयाक आणि आपण वेगळे झालो तर जे लागेल तेच अंगावर असावे असा माझा नियम आहे: शिट्टी, एका हाताने निघणारे तंगूस कापण्याचे पाते, छोटा दिवा, आणि मोठ्या पाण्यात जात असाल तर पाण्यात टिकणारा हातातला वायरलेस. वायरलेस कयाकला बांधून ठेवला आणि वाऱ्याने कयाक दूर गेली, तर त्याचा काही उपयोग राहत नाही. आमिषांचे डबे, शिशाची वजने, सुटे गळ यांची जागा खुर्चीमागच्या क्रेटमध्ये आहे. शिवाय प्रत्येक लोंबती दोरी, प्रत्येक उघडी कडी रॉड फिरवताना तंगूस अडकण्याची जागा होते. म्हणून खिसे पाहायचेच झाले तर संख्या पाहू नये. ते रिकामे असताना सपाट बसतात का, ओल्या हाताने, न पाहता त्यांची चेन उघडते का आणि तळाशी पाणी निघून जायला भोक आहे का, हे पाहावे. पात्याची म्यान अडकवण्यासाठी छातीवर शिवलेली प्लॅस्टिकची चकती किंवा पट्टी असावी. ती खांद्याच्या फार जवळ नसेल तर बरे, कारण तिथे रॉडची मूठ लागते.

बाह्यांची पोकळी हा तिसरा मुद्दा, आणि वल्हे मारणे व गळ टाकणे या दोन हालचाली भिन्न असल्यामुळे तो दोनदा तपासावा लागतो. वल्हे मारताना धड कमरेतून वळते आणि हात खांद्यांच्या खालीच राहतात. तिथे काखेपुढची फोमची कड दंडाला घासते. गळ टाकताना हात डोक्यावरून मागे जातो. तिथे खांद्याचा पट्टा रुंद असेल तर तो मानेकडे ढकलला जातो. खांद्यांवर फोम नसलेले, अरुंद पण मऊ अस्तराचे पट्टे दोन्ही कामांना चालतात. फोम एकसंध तुकड्यात आहे की लहान फाळक्यांत विभागला आहे, यानेही मोठा फरक पडतो. ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनच्या रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या समुद्री बचावकार्य करणाऱ्या संस्थेसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ साली तयार केलेल्या जॅकेटमध्ये बुचाच्या अरुंद पट्ट्या कॅनव्हासवर शिवलेल्या होत्या, कारण ते घालून माणसांना वल्ही मारायची होती. १८६१ साली इंग्लंडमधील व्हिटबी येथे लाइफबोट, म्हणजे बचावाची होडी, उलटली, तेव्हा तिच्यावरच्या माणसांपैकी हे जॅकेट अंगावर असलेले हेन्री फ्रीमन एकटेच वाचले. आजच्या फोमची फाळकी त्याच विचाराने जोडलेली असतात: जितके सांधे अधिक, तितके जॅकेट अंगाबरोबर वळते.

स्त्रियांना पुरुषी बेताची जॅकेटे बहुधा सोसत नाहीत, आणि त्याचे कारणही फोमच्या जागेतच आहे. छातीवर सपाट लादी आली की ती एक तर दाबते, नाही तर पुढे उचलली जाऊन खालून पोकळी सोडते, आणि अशी पोकळी असलेले जॅकेट पाण्यात वर सरकते. स्त्रियांसाठी केलेल्या नमुन्यांत छातीचा फोम वळणदार कापलेला किंवा वर-खाली वाटून दिलेला असतो. मासेमारीसाठीच्या जॅकेटांत असे नमुने कमी आहेत. त्यामुळे साधे, विहारासाठीचे पण वळणदार फोमचे जॅकेट घेऊन त्यावर एखादा छोटा खिसा जोडणे हा मला अधिक समंजस मार्ग वाटतो.

उकाड्याला कंटाळून अनेकजण फुगणाऱ्या जॅकेटांकडे वळतात, आणि आरामाच्या बाबतीत त्यांची बरोबरी फोमला करता येत नाही हे मान्य करायला हवे. मानेभोवतीचा पातळ पट्टा किंवा कमरेचा पट्टा एवढेच अंगावर असते. ओढणी खेचली किंवा पाणी लागले की कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरने ते फुगते, आणि फुगल्यावर पुष्कळ नमुने फोमच्या कयाक-जॅकेटहून अधिक आधार देतात. तरीही कयाकवर मी ते सुचवताना हात आखडता घेतो. कयाकवर माणूस पाण्याच्या पातळीवरच बसलेला असतो, लाटेचे तुषार आणि पाऊस सतत अंगावर येतात, आणि विरघळणाऱ्या गोळीवर चालणारी स्वयंचलित यंत्रणा भलत्या वेळी फुगू शकते. पाण्याच्या दाबावर चालणारी यंत्रणा या बाबतीत अधिक विश्वासाची आहे. हाताने खेचायचे मॉडेल घेतले तर ते अकस्मात फुगत नाही, पण थंड पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आवरत नाही, तेव्हा ओढणी शोधून खेचायची असते. कमरेच्या पट्ट्यात तर फुगलेली पिशवी पुढे डोक्यावरून घालावी लागते. त्यात तिकाटी गळ आणि माशांचे काटे यांनी हवेच्या पिशवीला भोक पडण्याचा धोका मासेमारीत असतोच. पोहता न येणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. अमेरिकेत सोळा वर्षांखालील मुलांसाठी अशा जॅकेटांना मान्यताच नाही. शांत, उबदार पाण्यात, चांगले पोहणारा आणि सिलिंडर व गोळीची मुदत नेमाने तपासणारा माणूस असेल, तरच हा पर्याय योग्य ठरतो.

रंगाचा वाद मासेमारांत कधी संपत नाही. हिरवट, तपकिरी किंवा पानाफुलांच्या नक्षीची जॅकेटे खपतात, कारण मासा बिचकेल अशी भीती असते. पाण्याच्या पातळीवर बसलेला कयाकवाला वेगाने येणाऱ्या मोटरबोटीच्या चालकाला मुळातच उशिरा दिसतो, आणि पाण्यात पडल्यावर तर फक्त डोके आणि खांदेच वर राहतात. म्हणून खांदे आणि पाठीचा वरचा भाग तरी नारिंगी, पिवळा किंवा लाल असावा आणि त्यावर प्रकाश परतवणारी पट्टी असावी. मासा ज्या कोनातून पाहतो त्याला पाठ दिसण्याचा प्रश्न फारसा येत नाही, तेव्हा समोरचा भाग फिका करड्या रंगाचा ठेवून दोन्ही बाजू सांभाळता येतात.

मापाकडे येऊ. प्रौढांच्या जॅकेटचे माप छातीच्या घेरावर ठरते, वजनावर नाही. पोट मोठे असेल तर दोन्ही घेर मोजून मोठा आकडा धरावा. सर्व पट्टे सैल करून जॅकेट घालावे, चेन लावावी आणि मग कमरेपासून वर चढत पट्टे आवळावेत. खांद्याचे पट्टे सर्वांत शेवटी. कमरेचा पट्टा बरगड्यांच्या खाली बसला तर जॅकेट जागेवर राहते, बरगड्यांवर बसला तर ते वर चढणारच. त्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगावे. जॅकेट कानांपर्यंत आले तर माप मोठे आहे किंवा बेत आपल्यासाठी नाही. मग खाली बसून, पाय पसरून, दोन्ही बाजूंना वळून, हात डोक्यावर नेऊन हीच तपासणी पुन्हा करावी आणि घाईने उठू नये. अंगाला बोचणारी शिवण दहा मिनिटांनी कळते. थंडीत आत जाड कपडे घालणार असाल तर ते घालूनच माप घ्यावे, मात्र उन्हाळ्यात पट्टे पुरेसे आवळता येतात ना तेही पाहावे. वरवर सारख्या दिसणाऱ्या बक्कलांतही फरक असतो. मी वापरलेल्या एका जॅकेटच्या बाजूचे पट्टे ओले झाले की हळूहळू सैल व्हायचे आणि दर थोड्या वेळाने ते पुन्हा ओढावे लागायचे. पट्ट्याचे टोक अडकवून ठेवणारी छोटी रबरी पट्टी असती तर तो त्रास बराच कमी झाला असता.

माझी निवड विचाराल तर उंच पाठीच्या खुर्चीसाठी जाळीदार पाठीचे, समोर चेन असलेले, दोनच सपाट खिशांचे फोम जॅकेट. ठेंगण्या आसनासाठी अनेक फाळक्यांचे, पातळ पण पूर्ण पाठीचे. आणि अति उष्ण, शांत पाण्यावर, चांगल्या पोहणाऱ्यासाठी दाबावर चालणारे फुगणारे जॅकेट, तेही दुसरा पर्याय म्हणून. भरपूर खिशांचे जॅकेट मी फक्त त्यालाच सुचवेन, जो काठावर उतरून, पाण्यात उभा राहून मासे धरतो आणि ज्याला क्रेट जवळ नसते.

घेतल्यानंतरची निगा साधी आहे, पण ती टाळली की आराम आधी जातो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने जॅकेट आणि विशेषतः चेन धुवावी, माशांचा बुळबुळीतपणा आणि आमिषाचा वास काढावा, आणि सावलीत टांगून वाळवावे. उन्हाने नायलॉनचा कस जातो. जॅकेटवर बसणे, गुडघ्याखाली घेणे किंवा सामानाच्या ढिगाखाली दाबून ठेवणे यांमुळे फोम कायमचा चेपतो. अंगठ्याने दाबल्यावर फोम परत वर येत नसेल, कापडाचा रंग उडून ते चुरचुरीत झाले असेल किंवा शिवणीतून फोम दिसत असेल तर जॅकेट बदलावे. शंका असेल तर उथळ पाण्यात ते घालून गुडघे छातीशी घ्यावेत आणि मान मागे टाकावी. हनुवटी पाण्याबाहेर राहिली नाही, तर ते जॅकेट पुन्हा कयाकवर नेऊ नये.